वॉर्डापर्यंत पोहोचलेला ग्रंथपाल

२००१ सालच्या मे महिन्यात अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दम्याविषयी एक प्रयोग चालू होता. निरोगी माणसाच्या श्वासनलिका त्रासदायक पदार्थाचा मारा झाला तरी उघड्या कशा राहतात, हे संशोधकांना पाहायचं होतं. त्यासाठी निरोगी स्वयंसेवकांना हेक्झामेथोनियम नावाचं रसायन श्वासावाटे दिलं जात होतं. एकेकाळी हे रसायन उच्च रक्तदाबावर वापरलं जाई. पुढे ते मागे पडलं. ते श्वासावाटे घेतल्यावर २४ वर्षांच्या एका तरुणीला आधी खोकला सुरू झाला, मग तिची फुप्फुसं निकामी होत गेली आणि २ जूनला ती दगावली.

पुढे चौकशी झाली तेव्हा एक गोष्ट समोर आली. प्रयोगाआधी संशोधकाने संदर्भ शोधले होते. त्याने पबमेड या ऑनलाइन सूचीत शोध घेतला होता, पाठ्यपुस्तकंही पाहिली होती. पण पबमेडवर त्या वेळी साधारण १९६६ पासूनचेच लेख होते आणि हेक्झामेथोनियममुळे फुप्फुसांना इजा झाल्याचे अहवाल १९५० च्या दशकातले होते. ते नाहीसे झाले नव्हते. ग्रंथालयाच्या कपाटात, छापील सूचींमध्ये ते नोंदलेले होते. जुलैमध्ये अमेरिकी सरकारने त्या विद्यापीठातलं, सरकारी पैशावर चालणारं माणसांवरचं जवळपास सगळं संशोधन काही दिवस थांबवलं.

वैद्यकीय ग्रंथपालांमध्ये या घटनेची चर्चा आजही होते. पडद्यावर जे दिसतं ते सगळं नसतं आणि जे दिसत नाही ते कुठे सापडेल, हे ज्याला ठाऊक आहे असा माणूस हाताशी असावा लागतो, हा तिचा धडा आहे. आरोग्याची माहिती आता ऑनलाइन आहे, बरीचशी फुकट आहे. पण ती नेमकी शोधणं, पारखणं आणि गरजवंताला समजेल अशी हातात देणं हे शिकून येणारं काम आहे. हे काम शिकलेला ग्रंथपाल रुग्णालयाला फार्मासिस्टइतकाच गरजेचा आहे.

एका लष्करी डॉक्टरची सूची

या कामाची मुळं शोधायची तर जॉन शॉ बिलिंग्ज यांच्यापर्यंत जावं लागतं. १८३८ साली जन्मलेले बिलिंग्ज ओहायोच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना अपस्मारावरच्या शस्त्रक्रियांविषयी प्रबंध लिहीत होते. त्यासाठी लागणारी पुस्तकं आणि लेख त्यांना मिळता मिळेनात. पुष्कळ ग्रंथालयं पालथी घातली, पण सगळे संदर्भ एका ठिकाणी असलेलं एकही ग्रंथालय त्यांना देशात आढळलं नाही. ही खंत त्यांच्या मनात घर करून राहिली.

यादवी युद्ध संपल्यावर, १८६५ साली, वॉशिंग्टनमधल्या सर्जन जनरलच्या कचेरीतलं छोटंसं ग्रंथालय त्यांच्या हाती आलं. लष्करी रुग्णालयांच्या निधीतून उरलेला पैसा त्यांनी पुस्तकांकडे वळवला. ज्या फोर्ड नाट्यगृहात अध्यक्ष लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली, त्याच इमारतीत काही वर्षं हे ग्रंथालय होतं. बिलिंग्ज यांनी जगभरातून नियतकालिकं मागवली, जुन्या प्रती बदल्यात घेतल्या आणि सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे आलेल्या प्रत्येक अंकातल्या लेखांची विषयवार नोंद करायला घेतली. १८७९ मध्ये रॉबर्ट फ्लेचर यांच्या साथीने 'इंडेक्स मेडिकस' ही मासिक सूची सुरू झाली. पुढच्याच वर्षी ग्रंथालयाच्या संपूर्ण संग्रहाच्या सूचीचा पहिला खंड आला. मुंबईतला असो की एडिंबरोतला, एखाद्या रोगाविषयी जगात काय छापून आलंय हे डॉक्टरला एका जागी बसून पाहता येऊ लागलं.

बिलिंग्ज यांच्या बुद्धीची झेप आणखी एका गोष्टीतून कळते. जनगणनेतले आकडे यंत्राने मोजता येतील, ही कल्पना त्यांनी हर्मन हॉलरिथ या तरुण अभियंत्याला सुचवली. हॉलरिथची छिद्रांकित कार्डांची यंत्रं त्यातूनच आली आणि पुढे त्याची कंपनी ज्या उद्योगात सामील झाली, तो आज आयबीएम म्हणून ओळखला जातो. पुढच्या शतकात बिलिंग्ज यांची सूची संगणकावर चढली, तिचा धागा असा मागे जातो.

१९५६ साली या ग्रंथालयाला कायद्याने नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन हे नाव आणि राष्ट्रीय दर्जा मिळाला. १९६२ मध्ये ते वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डा इथल्या नव्या इमारतीत गेलं. १९६४ मध्ये मेडलार्स ही संगणकीय व्यवस्था चालू झाली. डॉक्टरने प्रश्न लिहून पाठवायचा, तो संगणकाच्या भाषेत बसवायचा आणि संदर्भांची यादी टपालाने यायची, असा तो मामला होता. १९७१ पासून मेडलाइन आली आणि टेलिफोनच्या तारेवरून थेट शोध घेता येऊ लागला. पण हा शोध कुणीही घेऊ शकत नव्हतं. त्यासाठी आज्ञा पाठ असाव्या लागत, विषयशीर्षकं ठाऊक असावी लागत आणि जोडणीच्या वेळेचे पैसे पडत. म्हणून खास प्रशिक्षण घेतलेले ग्रंथपालच डॉक्टरांच्या वतीने शोध घेत.

२६ जून १९९७ रोजी हे चित्र पालटलं. अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष अल गोर यांनी जाहीर कार्यक्रमात पहिला शोध घेतला आणि मेडलाइनचं दार असलेलं पबमेड सगळ्या जगाला फुकट खुलं झालं. ग्रंथपालाची मध्यस्थी संपली, असं तेव्हा पुष्कळांना वाटलं. पण दार उघडल्यावर आत किती पसारा आहे हे लोकांना दिसलं आणि ग्रंथपालाकडे नव्या प्रकारचं काम आलं.

हळदीच्या गोळीचा शोध

पबमेडवर आज ३ कोटी ७० लाखांहून अधिक संदर्भ आहेत. एवढ्या मोठ्या साठ्यात नेमका लेख कसा सापडतो, हे एका साध्या प्रश्नावरून पाहू. गुडघेदुखीने त्रासलेल्या साठीच्या माणसाला कुणीतरी हळदीच्या अर्काच्या गोळ्या घ्यायला सांगितल्या आहेत. त्या घ्याव्यात का?

शोधखिडकीत नुसतं 'टर्मरिक' टाइप केलं तर हजारोंनी लेख समोर येतात. त्यात प्रयोगशाळेतल्या पेशींवरचे आहेत, उंदरांवरचे आहेत, शेतीचे आहेत, अन्नात घालायच्या रंगाचेही आहेत. शिकलेला ग्रंथपाल आधी प्रश्नाचे चार तुकडे करतो: रुग्ण कोण, उपाय कोणता, तुलना कशाशी आणि कोणता परिणाम पाहायचा. इथे रुग्ण म्हणजे गुडघ्याची झीज झालेला माणूस, उपाय म्हणजे कर्क्युमिन, तुलना म्हणजे डायक्लोफेनॅकसारखी नेहमीची वेदनाशामक गोळी किंवा औषध नसलेली गोळी आणि परिणाम म्हणजे दुखणं किती कमी झालं आणि अपाय काय झाला. या पद्धतीला इंग्रजी आद्याक्षरांवरून पिको म्हणतात आणि ग्रंथपालांच्या प्रशिक्षणात ती अगदी सुरुवातीला शिकवतात.

मग येते मेश, म्हणजे नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने १९६० मध्ये सुरू केलेली विषयशीर्षकांची यादी. गावात एकाच माणसाला कुणी बंड्या म्हणतं, कुणी बाबूराव, पण रेशनकार्डावर त्याचं एकच नाव असतं. मेश हे वैद्यकीय विषयांचं रेशनकार्ड आहे. लेखकाने 'हार्ट अटॅक' लिहो की 'मायोकार्डियल इन्फार्क्ट', मेशमध्ये तो लेख 'मायोकार्डियल इन्फार्क्शन' या एकाच शीर्षकाखाली जातो. हळदीच्या बाबतीत वनस्पतीसाठी 'कर्क्युमा' आणि तिच्यातल्या रसायनासाठी 'कर्क्युमिन' अशी दोन वेगळी शीर्षकं आहेत. गुडघ्याच्या झिजेसाठी 'ऑस्टिओआर्थ्रायटिस, नी' हे आहे. ही शीर्षकं जोडली आणि 'माणसांवरचे प्रयोग' व 'पद्धतशीर आढावा' या चाळण्या लावल्या की हजारोंचे काही डझन होतात. एका बैठकीत डोळ्यांखालून घालता येतील एवढेच लेख उरतात.

पण चांगला ग्रंथपाल इथे थांबत नाही, कारण निम्मा प्रश्न अपायाचा आहे. तो लिव्हरटॉक्स उघडतो. औषधांमुळे आणि वनौषधींमुळे यकृताला होणाऱ्या इजांची ही फुकट मिळणारी कोशवजा नोंद आहे आणि तिच्यात हळदीवर स्वतंत्र प्रकरण आहे. शरीरात जास्त शोषल्या जाव्यात म्हणून खास बनवलेल्या कर्क्युमिनच्या गोळ्यांनी काही जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. आपल्या आमटीतली चिमूटभर हळद वेगळी आणि ही गोळी वेगळी, हा फरक त्या साठीच्या माणसापर्यंत पोहोचला पाहिजे. तो निर्णय घेईल डॉक्टरांशी बोलून. पण बोलायला जाताना त्याच्या हातात जाहिरातीऐवजी पुरावा असेल.

सामान्य माणसासाठी दुसरं दार

पबमेड खुलं झाल्यावर नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या लक्षात आलं की, शोध घेणाऱ्यांत डॉक्टर आणि संशोधकच नाहीत, आपल्या किंवा घरच्यांच्या आजारामुळे काळजीत पडलेली माणसंही आहेत. संशोधनाची भाषा त्यांच्यासाठी नव्हती. म्हणून २२ ऑक्टोबर १९९८ रोजी २२ विषयांसह मेडलाइनप्लस सुरू झालं. आज त्यावर हजाराहून अधिक विषय आहेत. रोगाची साधी माहिती, तपासण्यांचा अर्थ, औषध कसं घ्यायचं आणि काय टाळायचं, हे सगळं इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये तिथे मिळतं. आणखी बऱ्याच भाषांमधली माहितीपत्रकंही आहेत. जाहिरात एकही नाही. कुठल्याही कंपनीची किंवा उत्पादनाची शिफारस नाही. बाहेरच्या संकेतस्थळांचे दुवे ठरलेल्या निकषांवर तपासून मगच घेतले जातात आणि मजकूर शेवटचा कधी तपासला, याची तारीख दिलेली असते.

याच कुटुंबातली लॅक्टमेड ही नोंद बाळंतिणींच्या फार उपयोगाची आहे. अंगावर पाजणाऱ्या आईला एखादं औषध लिहून दिलं की घरात लगेच शंका येते: दूध पाजायचं की थांबवायचं? लॅक्टमेडमध्ये औषधागणिक लिहिलेलं असतं की ते दुधात किती उतरतं, बाळाच्या रक्तात किती आढळलं, बाळावर काही परिणाम नोंदले गेले का आणि दुसरं कोणतं औषध चालू शकेल. केवळ भीतीपोटी पाजणं बंद होऊन बाळाचं नुकसान होऊ नये, यासाठी ही माहिती डॉक्टर, परिचारिका आणि ग्रंथपाल या तिघांनाही ठाऊक असायला हवी.

चालू असलेल्या औषधचाचण्यांसाठी २००० साली क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह सुरू झालं. भारतात २००७ पासून आपली स्वतःची क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री आहे आणि २००९ पासून औषधचाचणीची नोंद तिथे करणं बंधनकारक आहे. एखाद्या नव्या उपचाराची चाचणी आपल्या राज्यात कुठे चालू आहे, ती कुणासाठी आहे, हे कॅन्सरच्या रुग्णाचे नातेवाईक तिथे पाहू शकतात. ही नोंद कुणालाही पाहता येते, हेच मुळात फार थोड्यांना माहीत आहे.

ग्रंथपाल घडतो कसा

वैद्यकीय ग्रंथपालांची संघटना बरीच जुनी आहे. २ मे १८९८ रोजी फिलाडेल्फियात चार ग्रंथपाल आणि चार डॉक्टर एकत्र बसले आणि आज मेडिकल लायब्ररी असोसिएशन म्हणून ओळखली जाणारी संस्था स्थापन झाली. दोन्हीकडची माणसं सारखी, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. ग्रंथपाल हा वैद्यकीय कामातला भागीदार आहे, ही समजूत पहिल्या दिवसापासून होती.

१९६५ मध्ये अमेरिकेत वैद्यकीय ग्रंथालयांना साहाय्य देणारा कायदा झाला आणि प्रादेशिक ग्रंथालयांचं जाळं उभं राहिलं. या जाळ्याने ग्रंथपालांना प्रशिक्षण देण्याचं मोठं काम केलं, त्यातलं बरंचसं विनामूल्य. सामान्य नागरिकांना आरोग्यमाहिती देण्यासाठी मेडिकल लायब्ररी असोसिएशनचं खास प्रमाणपत्र आहे. पहिल्या पातळीला १२ तासांचं प्रशिक्षण लागतं, दुसरीला २४ तासांचं, आणि प्रमाणपत्राचं नूतनीकरण करत राहावं लागतं. हे प्रशिक्षण रुग्णालयातल्या ग्रंथपालापुरतं नाही. गावातल्या सार्वजनिक वाचनालयातला ग्रंथपालही ते घेऊ शकतो. लोक आजाराचा पहिला प्रश्न पुष्कळदा तिथेच विचारतात.

त्यात काय शिकवतात? आपल्या वस्तीत कोणते आजार जास्त आहेत, लोक कोणती भाषा बोलतात, हे ओळखणं, विश्वासार्ह साधनं कोणती ते जाणणं, माहिती पारखणं, अवघड मजकूर साध्या भाषेत मांडणं, तंत्रज्ञान हाताळणं, आणि नीतिनियम पाळणं. यातला सगळ्यात नाजूक भाग म्हणजे वाचकाशी होणारं बोलणं.

समजा, एक बाई येतात आणि म्हणतात, "कॅन्सरवर काही वाचायला आहे का?" न शिकलेला माणूस कपाटाकडे बोट दाखवेल. शिकलेला ग्रंथपाल आधी त्यांना बसायला सांगेल, आवाज खाली आणेल आणि विचारेल, "तुम्हाला नेमकं काय जाणून घ्यायचंय? डॉक्टरांनी कागदावर काय लिहिलंय, ते दाखवता का?" बोलता बोलता कळतं की, बहिणीला स्तनाचा कॅन्सर आहे, शस्त्रक्रिया झाली आहे आणि केमोथेरपीच्या आधी काय तयारी करायची हे बाईंना हवंय. प्रश्न 'कॅन्सर' हा नव्हताच. ग्रंथपाल त्यांना केमोथेरपीच्या काळातला आहार, जंतुसंसर्गाची काळजी, कधी लगेच रुग्णालय गाठायचं, यावरची पानं काढून देतो आणि डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून घ्यायला मदत करतो. बाई विचारतात, "ती बरी होईल ना हो?" इथे तो थांबतो. रिपोर्टचा अर्थ लावणं, औषध सुचवणं, रोगाचं भाकीत करणं ही त्याची कामं नाहीत. "हे डॉक्टरच सांगू शकतील ताई, त्यांना विचारायचा हा पहिला प्रश्न लिहू या," असं तो म्हणतो. बाई गेल्यावर पडद्यावरचा शोध पुसतो, कारण कुणाचा आजार हा दुसऱ्याच्या नजरेस पडायचा विषय नाही. आपली मर्यादा राखूनही उपयोगी पडणं हे आपसूक येत नाही, त्याचा सराव करून घ्यावा लागतो.

१९७१ मध्ये मिसूरी राज्यातल्या कॅन्सस सिटी इथे गर्ट्रूड लॅम्ब यांनी ग्रंथपालांना थेट वॉर्डात नेलं. डॉक्टरांच्या राउंडबरोबर ग्रंथपाल खाटेखाटेपाशी जायचा, कुठे शंका निघाली की टिपून घ्यायचा आणि संदर्भ शोधून आणून द्यायचा. या पद्धतीतून 'क्लिनिकल ग्रंथपाल' हे पदच निर्माण झालं. १९९२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर भागातल्या रुग्णालयांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ग्रंथालयाकडून माहिती मागवलेल्या २०८ डॉक्टरांपैकी ८० टक्के म्हणाले की, या माहितीमुळे आपण रुग्णाच्या बाबतीत काहीतरी वेगळं केलं. कुणी रुग्णाला दिलेला सल्ला बदलला, कुणी औषधाची निवड बदलली, कुणी तपासण्या. ग्रंथालयाचा परिणाम रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचतो, याचा हा स्पष्ट पुरावा होता.

एकदा शिकून भागत नाही

या कामात हत्यारं सतत बदलतात. विषारी पदार्थांची माहिती देणारं टॉक्सनेट २०१९ च्या अखेरीस बंद झालं आणि त्यातला मजकूर इतरत्र विखुरला. पबमेडचा चेहरा २०२० मध्ये बदलला. २०२२ पासून लेखांना मेश शीर्षकं देण्याचं काम मुख्यतः संगणक करू लागला आणि माणसं ते तपासू लागली. चांगल्या आरोग्य संकेतस्थळांना हॉन कोड नावाची मोहर देणारी जिनिव्हातली संस्था २०२२ मध्ये बंद झाली. ती मोहर अजून कुठे दिसली तर तिच्यावर विसंबता येत नाही. पाच वर्षांपूर्वी शिकलेला ग्रंथपाल पुन्हा शिकला नाही, तर तो लोकांना बंद पडलेल्या दारांकडे पाठवत राहील.

२०२० मधली एक गोष्ट पाहा. २२ मे रोजी 'लॅन्सेट' या नामांकित नियतकालिकात हायड्रॉक्सिक्लोरोक्विनविषयी लेख आला. कोविडच्या रुग्णांना त्याने अपाय होतो, असा निष्कर्ष त्यात होता. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतला त्या औषधाचा भाग लगेच थांबवला. मग आकडेवारीबद्दल शंका निघाल्या, मूळ माहिती तपासायला मिळेना आणि ४ जूनला, अवघ्या १३ दिवसांत, लेख मागे घेतला गेला. पबमेडवर त्या लेखावर आज 'मागे घेतलेला' असा ठळक शिक्का आहे. पण ज्याने तो लेख आधीच उतरवून ठेवला किंवा पुढे पाठवला, त्याला हा शिक्का दिसत नाही. लेख अजून उभा आहे का, हे तपासायची सवय हा आता प्रशिक्षणाचा अविभाज्य भाग आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं आल्यापासून ही गरज आणखी वाढली आहे. ही साधनं कधी कधी अस्तित्वातच नसलेले लेख खऱ्यासारखे दाखवतात. लेखकाचं नाव, नियतकालिक, साल, सगळं पटेल असं असतं. असा संदर्भ खरा की खोटा हे पाहायची सोपी रीत म्हणजे तो पबमेडवर शोधणं आणि तिथे नसेल तर त्या नियतकालिकाच्या त्या अंकाची अनुक्रमणिका उघडणं. साधन कितीही हुशार असलं तरी उपचाराचा निर्णय ज्यावर उभा आहे, तो संदर्भ माणसाने डोळ्यांनी पाहिला पाहिजे.

आपल्याकडे

हा सगळा अमेरिकेचा इतिहास असला, तरी त्याचा आपल्याशी थेट संबंध आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी घरोघरच्या नवजात बालकांच्या काळजीचा जो प्रयोग केला, त्याचा अहवाल १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला आणि पबमेडच्या सूचीत तो जगातल्या कुणालाही सापडतो. आपलं ज्ञान त्या साठ्यात आहेच. त्या साठ्यातलं आपल्या कामाचं ज्ञान परत आपल्यापर्यंत आणणारी माणसं मात्र आपल्याकडे पुरेशी नाहीत.

साधनांची आता तेवढी टंचाई राहिलेली नाही. दिल्लीत राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालय आहे. त्याच्या पुढाकाराने ईआरमेड नावाने सरकारी वैद्यकीय संस्थांना एकत्रितपणे ई-नियतकालिकं मिळू लागली. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली: ३ वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं आणि सुमारे ६,३०० सरकारी संस्था. जिल्ह्याच्या ठिकाणच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातला विद्यार्थीही आता मोठ्या संस्थांच्या तोडीची नियतकालिकं वाचू शकतो. पण कुलूप उघडलं म्हणून कुणी आत जाईलच असं नाही. निवासी डॉक्टरला मेश कसं वापरायचं, प्रबंधासाठी पद्धतशीर आढावा कसा घ्यायचा, हे शिकवणारा ग्रंथपाल हवा. ग्रंथालयशास्त्राच्या पदवीत वैद्यकीय माहितीला मिळणारी जागा थोडी असते; बहुतेकांना हे काम नोकरीत शिकावं लागतं. मेडिकल लायब्ररी असोसिएशन ऑफ इंडियाची अधिवेशनं आणि कार्यशाळा होतात, पण त्यांना जाण्यासाठी महाविद्यालयाने ग्रंथपालाला सुट्टी आणि खर्च दिला तरच त्यांचा उपयोग.

रुग्णांसाठीचं दारही आपल्याकडे कुणी उघडलंच नाही असं नाही. मुंबईत डॉ. अनिरुद्ध मालपाणी यांनी १९९० च्या दशकात 'हेल्प' हे लोकांसाठीचं आरोग्य ग्रंथालय सुरू केलं, जिथे कुणीही येऊन आपल्या आजाराविषयी वाचू शकेल. कल्पना उत्तम होती आणि आजही आहे. जिल्हा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागाजवळ एक टेबल, एक संगणक, एक प्रिंटर आणि मराठीत समजावून सांगणारा एक शिकलेला माणूस, एवढं जरी असलं तरी पुष्कळ काही साधेल. त्याला पूरक म्हणून मराठीत जाहिरातमुक्त, तारखेनिशी अद्ययावत होणारं, डॉक्टर आणि ग्रंथपाल यांनी मिळून सांभाळलेलं आरोग्यमाहितीचं एक ठिकाण हवं. आपल्याकडे आरोग्यावर मराठीत मनापासून लिहिणाऱ्या डॉक्टरांची परंपरा आहे. त्यांच्या लेखणीला अशा ठिकाणाचा आधार मिळाला पाहिजे.

तोवर वाचकांनी स्वतः काय करावं? फोनवर आलेली आरोग्याची माहिती पुढे पाठवण्याआधी चार गोष्टी पाहाव्यात: हे कुणी लिहिलंय, कधी लिहिलंय, त्यातून कुणाला काही विकायचंय का आणि यामागे माणसांवरचा अभ्यास आहे की नुसता दावा. उत्तर मिळालं नाही तर ती माहिती आपल्यापाशीच थांबवावी. चालू औषध कुठलाही लेख वाचून परस्पर बंद करू नये. लेख घेऊन डॉक्टरांकडे जावं. घरात कुणी वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असेल, तर त्याला ग्रंथपालाकडे जाऊन शोध घ्यायला शिकण्याचा आग्रह करावा.

आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या चालकांना, अधिष्ठात्यांना एक विनंती. ग्रंथालयाच्या खर्चात नियतकालिकांच्या वर्गणीबरोबर ग्रंथपालाच्या प्रशिक्षणाचा खर्चही दर वर्षी धरा. रिक्त पदं भरा आणि भरलेल्या पदावरच्या माणसाला आठवड्यातून एकदा तरी वॉर्डाच्या राउंडला बोलवा. माहिती आपल्या दारात आली आहे. ती रुग्णाच्या उशाशी नेणारा माणूस तयार करणं, हे काम आता आपलं आहे.